वाळवंटाखालचा समुद्र : आखातातलं तेल चुनखडीत कसं तयार झालं?

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गातल्या एका मुलीने माझ्या टेबलावर एक दगड आणून ठेवला. पिवळसर पांढरा, मुठीएवढा. एका बाजूला शिंपल्याचा अगदी स्पष्ट ठसा. तिचे अब्बा सौदी अरबमध्ये अल-अहसा भागात कामाला आहेत. सुट्टीवर आले तेव्हा सामानात हा दगड घेऊन आले होते. मुलीचा प्रश्न साधा होता. "मिस, अब्बा म्हणतात हा वाळवंटात सापडला. वाळवंटात शिंपला कुठून आला?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "तिथे तेल निघतं ना मिस, ते डायनासोर मरून झालेलं. तुम्हीच सांगितलं होतं."

खरं सांगते, मला ओशाळल्यासारखं झालं. कारण हे मीच सांगितलं होतं. मागच्या वर्षीच नाही, त्याआधीही कैक वर्षं. मला माझ्या शाळेत तसंच शिकवलं गेलं होतं, मी तेच पुढे ढकललं. हकीकत वेगळी आहे. त्या रात्री बसून सगळं नीट वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर माझी चूक मान्य केली. हा लेख त्याच तासाचा विस्तार आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल या तेलाच्या पैशावर पेटली आहे. कुणाचे वडील, कुणाचे मामू, कुणाचा मोठा भाऊ दम्माम, कुवेत, दोहा किंवा अबुधाबीत राबला आहे. मग ते तेल आलं कुठून, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला नको का?

आधी दोन गैरसमज दूर करू

पहिला गैरसमज डायनासोरचा. तेल डायनासोरपासून बनलेलं नाही. ते मुख्यतः समुद्रात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांपासून आणि शेवाळांपासून बनलं. या जीवांना प्लवक म्हणतात. एकेक जीव इतका लहान की नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण समुद्रात त्यांची संख्या अफाट. डायनासोर बहुतेक जमिनीवर राहायचे, जमिनीवरच मरायचे, आणि उघड्यावर मेलेलं जनावर कुजून जातं. दगडी कोळसा मात्र जमिनीवरच्या झाडांपासून, दलदलीतल्या जंगलांपासून तयार झाला. कोळसा आणि तेल ही दोन वेगळी गोष्ट.

दुसरा गैरसमज असा की जमिनीखाली तेलाचे तलाव किंवा नद्या आहेत आणि पाइप टाकला की तेल ओढून घ्यायचं. तसं काही नाही. तेल दगडात असतं. दगडातल्या बारीक बारीक छिद्रांमध्ये. चहात बुडवलेला टोस्ट आठवा. चहा टोस्टमध्ये असतो, पण टोस्टच्या आत काही चहाचा तलाव नसतो. तेलाचा दगडही तसाच. हातात घेतला तर घट्ट, कडक, पण आतून सच्छिद्र.

जिथे आज वाळू आहे, तिथे समुद्र होता

साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. भूगर्भशास्त्रज्ञ या काळाला ज्युरासिक काळ म्हणतात. त्या वेळी पृथ्वीचा नकाशा आजच्यासारखा नव्हता. आजचा अरबस्तान विषुववृत्ताजवळ होता आणि त्याच्या उत्तर-पूर्वेला एक मोठा महासागर पसरला होता. त्याला टेथिस म्हणतात. अरबस्तानाचा पूर्वेकडचा भाग या महासागराच्या काठावरचा, उथळ आणि कोमट पाण्याचा एक प्रचंड सपाट तळ होता.

असं उथळ, उबदार, स्वच्छ पाणी शिंपल्यांना, प्रवाळांना आणि कवचधारी सूक्ष्म जीवांना फार मानवतं. हे जीव पाण्यात विरघळलेला चुना शोषून आपली कवचं बनवतात. मेल्यावर मांस कुजतं, कवच तळाशी पडतं. शिवाय अशा पाण्यात चुना थेटही जमतो. लाटांनी पुढेमागे घोळवलेल्या कणांवर चुन्याचे थर चढून माशाच्या गाबोळीसारखे गोल दाणे तयार होतात. कवचं, त्यांचा चुरा, हे गोल दाणे आणि चुन्याचा चिखल असे थरावर थर साचत गेले. वरच्या वजनाने खालचे थर दाबले गेले आणि दगड झाला. तोच चुनखडीचा दगड. जिथे चुन्यात मॅग्नेशियम मिसळलं तिथे डोलोमाइट झाला. या दोघांना मिळून कार्बोनेट खडक म्हणतात.

आपल्या कोकणात जुन्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. पूर्वी खाडीकाठच्या शिंपल्या भट्टीत भाजून चुना करायचे. घराच्या भिंतीला आणि पानाला तोच. म्हणजे शिंपल्यात चुना असतो हे आपल्या आजी-आजोबांना पुस्तक न वाचता माहीत होतं. आता कल्पना करा की अशा शिंपल्यांचा आणि चुन्याच्या गाळाचा थर शेकडो मीटर जाड झाला आहे.

माझ्या विद्यार्थिनीच्या दगडातला शिंपला असाच समुद्राचा. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. जमिनीवर सापडणारा तो दगड तेलाच्या थराइतका जुना नाही, बराच नवा आहे. तेलाचा थर त्याच्या खाली दोन किलोमीटर खोल. पण समुद्र तिथे एकदाच आला नाही. कोट्यवधी वर्षं तो येत-जात राहिला, आणि दर वेळी चुनखडीचा नवा थर मागे ठेवून गेला.

तेलासाठी पाच गोष्टी जुळाव्या लागतात

नुसता समुद्र होता म्हणून तेल होत नाही. नाहीतर जगात सगळीकडेच तेल निघालं असतं. पाच गोष्टी एकाच ठिकाणी, आणि योग्य क्रमाने जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट : कच्चा माल. प्लवक मेले की बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू आणि जिवाणू त्यांचा फडशा पाडतात. काहीच उरत नाही. पण समुद्राच्या तळाशी एखादा खोलगट भाग असेल, तिथलं पाणी हलत नसेल, प्राणवायू पोचत नसेल, तर मेलेले जीव न कुजता चिखलात गाडले जातात. पूर्व अरबस्तानात त्या उथळ समुद्रातच असे काही खोलगट भाग होते. तिथे साचलेला काळपट, चरबीयुक्त चिखल पुढे दगड झाला. या थरांना हनीफा आणि तुवैक माउंटन अशी नावं आहेत. रियाधला राहिलेल्या आपल्या लोकांनी जबल तुवैकचा लांबलचक कडा पाहिला असेल. त्याच खडकाचे थर पूर्वेकडे कलत कलत जमिनीत खोल जातात. कड्यावर तेल नाही. पण पूर्वेला, खोल जमिनीत, याच वयाच्या थरांनी तेल जन्माला घातलं. अशा खडकाला उगमखडक म्हणू या.

दुसरी गोष्ट : मंद आच. गाडलेल्या जीवांपासून आधी एक घट्ट, मेणासारखा पदार्थ बनतो. त्याला केरोजेन म्हणतात. ते अजून तेल नाही. जमिनीत जसजसं खोल जावं तसतसं तापमान वाढतं, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. थर गाडला जाऊन तापमान अंदाजे ६० ते १२० अंशांत आलं की केरोजेनचे मोठे रेणू तुटून तेल तयार होऊ लागतं. त्यासाठी साधारण दोन ते चार किलोमीटर खोली लागते. आच यापेक्षा कमी राहिली तर केरोजेन कच्चंच राहतं. आच फार वाढली, १५० अंशांच्या पुढे गेली, तर तेलाचेही रेणू तुटतात आणि गॅस उरतो. बिर्याणीच्या दमासारखंच आहे हे. आच कमी पडली तर तांदूळ कच्चा, जास्त झाली तर तळ करपला. फरक एवढाच की हा दम लाखो-कोट्यवधी वर्षांचा.

तिसरी गोष्ट : साठवणीचा दगड. तयार झालेलं तेल उगमखडकातून पिळून बाहेर पडतं. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून दगडातल्या पाण्यातून वर वर सरकतं. वाटेत त्याला सच्छिद्र दगड मिळाला पाहिजे. पूर्व सौदीत तो दगड आहे अरब थरांचा. वरून खाली अरब-ए, बी, सी आणि डी अशी त्यांची नावं. यातला अरब-डी सर्वांत महत्त्वाचा. मघाशी सांगितलेले ते गोल दाणे आणि कवचांचा चुरा यांच्या मधल्या फटी या दगडात शिल्लक राहिल्या. काही ठिकाणी पाण्याने चुना विरघळवून आणखी पोकळ्या केल्या. चांगल्या भागात दगडाच्या आकारमानाचा जवळपास पाचवा हिस्सा पोकळ आहे. ही छिद्रं एकमेकांना जोडलेली असल्यामुळे तेल त्यातून वाहू शकतं.

चौथी गोष्ट : घट्ट झाकण. झाकण नसेल तर तेल वर सरकत सरकत जमिनीवर येऊन वाया जाईल. इराक आणि इराणमध्ये काही ठिकाणी असं झालंही आहे. तिथे हजारो वर्षांपासून जमिनीतून डांबर पाझरतं आणि प्राचीन काळी लोक ते होड्यांना आणि विटांच्या बांधकामाला वापरायचे. पूर्व सौदीत झाकण पक्कं बसलं. कसं? उथळ समुद्राचा बाहेरच्या महासागराशी संबंध तुटत गेला, ऊन प्रखर, पाणी आटू लागलं. मिठागरात काय होतं ते आठवा. पाणी आटत गेलं की मिठाच्या आधी जिप्समसारखे क्षार तळाशी बसतात. याच क्षारांपासून अनहायड्राइट नावाचा खडक होतो. तो इतका घट्ट की त्यातून तेल किंवा गॅस जात नाही. अरब थरांच्या वर असा अनहायड्राइटचा जाड पापुद्रा आहे. त्याला हिथ म्हणतात. रियाध आणि अल-खर्जच्या दरम्यान हिथ नावाची एक गुहा आहे, तिथे हा खडक उघड्यावर पाहता येतो. अबुधाबीच्या किनाऱ्यावर सब्खा नावाच्या खारट सपाट जमिनी आहेत. तिथे ही क्रिया आजही चालू आहे.

पाचवी गोष्ट : घुमट. थर सपाट असतील तर तेल पसरून विरळ होईल. जमिनीच्या हालचालींनी थर वाकून घुमटासारखा फुगवटा झाला की वर सरकणारं तेल त्या फुगवट्यात, झाकणाखाली अडकतं. पालथ्या कढईखाली हवा अडकावी तसं. वर गॅस, त्याखाली तेल आणि तळाला पाणी, असा साधारण क्रम.

पूर्व सौदीतल्या अशाच एका लांबट फुगवट्याचं नाव आहे घवार. लांबी सुमारे २८० किलोमीटर, रुंदी ३० किलोमीटरच्या आसपास. मुंबई ते रत्नागिरी सरळ रेषेत मोजलं तर अंतर याहून कमी भरतं. पारंपरिक तेलक्षेत्रांत हे जगातलं सर्वांत मोठं. घवारची कमाल क्षमता दिवसाला ३८ लाख बॅरल असल्याचं सौदी अरामको कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. ज्या अल-अहसाच्या बाजूने तो दगड आला, ते या घवारला लागूनच.

वर्गात मी मुलांना हे पाच मुद्दे एकामागोमाग फळ्यावर लिहायला लावले आणि विचारलं, यातला एक पुसला तर? उत्तर मुलांनीच दिलं. झाकण पुसलं तर तेल उडून जाईल. आच पुसली तर नुसतं मेण. क्रम बदलला तरी चालणार नाही, कारण तेल निघून गेल्यावर घुमट तयार झाला तर त्याचा उपयोग काय?

माणसाला ते सापडलं कसं?

या भागातला पहिला मोठा साठा इराणमध्ये मस्जिदे-सुलेमान इथे मे १९०८ मध्ये सापडला. तोही चुनखडीतच, अस्मारी नावाच्या थरात. मग १९३२ मध्ये बहरीनमध्ये तेल लागलं. बहरीनच्या टेकड्यांवरून समोर सौदीचा किनारा आणि दम्मामजवळचा तसाच एक घुमट दिसत होता. १९३३ मध्ये सौदी सरकारने एका अमेरिकन कंपनीशी करार केला आणि १९३५ मध्ये दम्मामच्या घुमटावर पहिली विहीर खोदायला सुरुवात झाली.

पहिल्या काही विहिरींनी निराशा केली. कुठे थोडं तेल, कुठे पाणी, कुठे नुसता गॅस. बहरीनमध्ये ज्या थरात तेल होतं तो थर इथे जवळजवळ कोरडाच निघाला. कंपनीचे मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ मॅक्स स्टाइनिकी यांचं म्हणणं होतं की अजून खोल जा. वाळवंटाची खडान्खडा माहिती असलेले बदू वाटाडे खमीस बिन रिमसान त्यांच्यासोबत असायचे. त्यांच्या नावाने पुढे सौदीतल्या एका तेलक्षेत्राला रिमसान हे नाव दिलं गेलं. अखेर मार्च १९३८ मध्ये दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीत सुमारे १,४४० मीटर खोलीवर भरपूर तेल लागलं. ते याच अरब थरांत. ही विहीर १९८२ पर्यंत चालू होती. घवार त्यानंतर दहा वर्षांनी, १९४८ मध्ये सापडलं.

मुलांना मी या गोष्टीतून एवढंच सांगितलं, की नशीब होतंच, पण त्यासोबत सब्र आणि दगड वाचता येण्याचा इल्म होता. शाळेत न गेलेल्या वाटाड्याचं ज्ञान आणि विद्यापीठात शिकलेल्या माणसाचं ज्ञान, दोन्ही लागलं.

कतारचा गॅस आणि मास्कचं कारण

कतार आणि इराणच्या मध्ये समुद्राखाली जगातलं सर्वांत मोठं गॅसक्षेत्र आहे. कतारच्या बाजूला नॉर्थ फील्ड, इराणच्या बाजूला साउथ पार्स. दोन मिळून सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर. नॉर्थ फील्ड १९७१ मध्ये सापडलं. हा गॅसही कार्बोनेट खडकातच आहे. कतारमध्ये त्या थराला खुफ म्हणतात. तो घवारच्या थरापेक्षाही जुना, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. आणि त्यातला गॅस त्याहूनही खालच्या, ४० कोटी वर्षांपेक्षा जुन्या काळ्या शेल खडकातून आला. इतकं खोल गाडलं गेल्यामुळे आच वाढली आणि तेलाऐवजी मुख्यतः गॅस झाला. दम जास्त वेळ लागला, असं म्हणा. हाच गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, द्रवरूपात जहाजाने गुजरातमधल्या दहेजला येतो. २००४ पासून तो येतो आहे.

ज्यांच्या घरातलं कुणी गॅस प्लांटवर आहे, त्यांनी एच-टू-एस हे नाव ऐकलं असेल. कामावर जाण्याआधी त्याचं ट्रेनिंग घ्यावं लागतं, अंगावर अलार्म लावावा लागतो, मास्क जवळ ठेवावा लागतो. हा विषारी वायू येतो कुठून? त्याचंही उत्तर याच खडकांत आहे. अनहायड्राइटमध्ये गंधक असतं. फार खोल, फार गरम थरांत गॅस आणि अनहायड्राइट यांची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. म्हणजे जे क्षार झाकण म्हणून उपयोगी पडले, तेच दुसऱ्या बाजूने धोका घेऊन आले. आपला माणूस मास्कचा कंटाळा करत असेल तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजू नये.

मग आपल्या कोकणात तेल का नाही?

हा प्रश्न येणारच होता. आला.

आपण राहतो ती जमीन बहुतेक काळ्या पाषाणाची. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत राहिला, थंड झाला, त्याचा हा खडक. लाव्ह्यातून आलेल्या खडकात ना प्लवक ना शिंपले. त्याच पाषाणाची वरून झीज होऊन तांबडा जांभा झाला, ज्याच्या चिऱ्यांची आपली घरं आहेत. जांभ्यालाही छिद्रं असतात, पण त्यात पावसाचं पाणी मुरतं, तेल नाही.

पण जरा समुद्रात जा. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली, चुनखडीचा मोठा फुगवटा आहे. साठच्या दशकात भारत आणि सोव्हिएत रशियाच्या पथकाने जहाजावरून सर्वेक्षण करून तो शोधला. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगने तिथे तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. हेच बॉम्बे हाय, आता मुंबई हाय. इथला मुख्य तेलाचा थर मायोसीन काळातला, म्हणजे अंदाजे २ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक. अरबस्तानच्या मानाने अगदी तरुण. तेल मात्र त्याखालच्या, त्याहून जुन्या शेल थरांतून आलं. तिथलं तेल आणि गॅस पाइपने उरणला येतो. म्हणजे चुनखडीतलं तेल ही काही फक्त अरबांची गोष्ट नाही, आपल्या दारातलीही आहे.

एक खुलासा करते, नाहीतर नवा गैरसमज व्हायचा. सगळं तेल चुनखडीतच असतं असं नाही. कुवेतचं प्रचंड मोठं बुरगान क्षेत्र वालुकाश्मात आहे. तरीही जगातल्या तेलसाठ्यांपैकी निम्म्याहून जास्त साठा कार्बोनेट खडकांत असल्याचा अंदाज आहे, आणि आखातात तर या खडकांचंच राज्य आहे.

१५ कोटी वर्षं एका वर्षात बसवली तर

कोटी हा आकडा मुलांच्या डोक्यात बसत नाही. मोठ्यांच्याही नाही. म्हणून मी फळ्यावर कॅलेंडर काढलं. समजा, अरब-डीचा चुना समुद्राच्या तळाशी साचत होता तो दिवस १ जानेवारी, आणि आज ३१ डिसेंबरची मध्यरात्र.

या हिशोबाने महाराष्ट्रावर लाव्हा वाहिला तो जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास. डायनासोर संपले तेही तेव्हाच. मुंबई हायची चुनखडी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात साचली. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर आला तो ३१ डिसेंबरच्या सकाळी. आणि दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीतून तेल निघालं ते, मध्यरात्रीला फक्त १८ सेकंद उरले असताना.

वर्गात क्षणभर कुणीच बोललं नाही. वर्षभर शिजलेली चीज आपण १८ सेकंदांत खर्च करायला निघालो आहोत. आणि ती परत शिजेपर्यंत थांबायला कुणाकडेच वेळ नाही. शिवाय ते जाळलं की त्यातला कार्बन, जो कोट्यवधी वर्षं दगडात बंद होता, धूर होऊन हवेत जातो आणि हवामान तापतं. आपल्या खाडीकाठच्या गावांना वाढत्या समुद्राची आणि अवेळी पावसाची झळ आधी बसते, हेही याच गोष्टीचं दुसरं टोक.

त्या मुलीचा खरा प्रश्न

तास संपल्यावर ती मुलगी थांबली. दगड ओढणीत गुंडाळत हळूच म्हणाली, "मिस, तेल संपलं तर अब्बा घरी येतील?"

तिला हवं होतं ते उत्तर कोणतं, हे मला कळलं नाही. अब्बा घरी यावेत असंही तिला वाटत होतं, आणि पैसे थांबले तर भावाच्या कॉलेजचं काय, ही भीतीही तिच्या आवाजात होती. आपल्या किती घरांत ही दोन्ही दुःखं एकत्र नांदतात.

मी तिला जे खरं तेच सांगितलं. तेल उद्या संपणार नाही. घवारसारख्या क्षेत्रात अजून साठा आहे. दगडातला दाब टिकावा म्हणून तिथे समुद्राचं पाणी पाइपने आणून थरांत सोडतात, म्हणजे समुद्र पुन्हा त्याच दगडात शिरतो आहे. पण सौदीने स्वतःच २०१६ मध्ये तेलावरचं अवलंबन कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. ज्यांच्या जमिनीखाली घवार आहे, तेच लोक तेलानंतरच्या दिवसांची तयारी करत आहेत. मग ज्यांच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे, त्यांनी निश्चिंत कसं राहायचं?

पालकहो, ही गोष्ट भीती घालण्यासाठी सांगत नाही. आपल्या आधीच्या पिढीने पाइप जोडले, वेल्डिंग केलं, क्रेन चालवली, खानसामा झाले, आणि त्या मेहनतीवर आपल्याला शिकवलं. त्या मेहनतीची शान मोठी आहे. पण विहीर कुठे खोदायची हे ठरवणारी माणसंही असतात. ती भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र शिकलेली असतात. बारावी सायन्सनंतर भूगर्भशास्त्रात बीएससी करता येतं, हे आपल्या कितीतरी मुलांना माहीतच नसतं. आणि हे शिक्षण फक्त तेलासाठी नाही. विहिरीला पाणी कुठे लागेल, डोंगर कुठे खचेल, पूल कुठे टिकेल, हे सांगणारा इल्म तोच आहे. तेल संपलं तरी त्याचं काम संपणार नाही. मुलींनाही हा रस्ता खुला आहे, हे वेगळं सांगायला नको.

घरी करून बघा

शेवटी एक छोटा प्रयोग. आखातात असलेल्या आपल्या माणसाला सांगा, तिथला पांढरट दगड उचल, सुरीने थोडा खरवड आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाक. बारीक बुडबुडे आले तर तो दगड चुन्याचा आहे. आपण इकडे शिंपल्याच्या चुऱ्यावर किंवा अंड्याच्या कवचावर तेच करायचं. बुडबुडे येतील. मग अंगणातल्या काळ्या पाषाणावर करा. सहसा काहीच होणार नाही.

त्या मुलीने जुम्म्याच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर हा प्रयोग केला. तिकडे अब्बांनी कॅम्पच्या किचनमधून लिंबू मागून आणलं, इकडे हिने अंड्याचं कवच घेतलं. दोन्हीकडे बुडबुडे आले. सोमवारी वर्गात येऊन तिने सांगितलं, "मिस, अब्बा म्हणाले, पंधरा वर्षं मी या दगडावर चालतोय, आज पहिल्यांदा कळलं मी समुद्रावर चालतोय."

दगड आता आमच्या विज्ञानाच्या कपाटात ठेवला आहे. खाली चिठ्ठी तिच्याच अक्षरात, उर्दू आणि मराठी दोन्हींत : चुनखडी. अल-अहसा. पूर्वी इथे समुद्र होता.